आहेर, चिठ्ठ्यांसकट

मला छंद नाही, हे मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कळलं. तोपर्यंत माझं बरं चाललं होतं.

कळलं ते व्हॉट्सअॅपमुळे. आमच्या अहमदपुरात 'छंद-सेवा परिवार' नावाचा एक ग्रुप आहे. सभासद एकशे चाळीस, अॅडमिन आनंदराज सर. सर शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानाचे शिक्षक. त्रेसष्ट वेळा रक्तदान केलेला माणूस, आणि उरलेल्या रक्तावर तळ्याकाठी पहाटेपासून बसून पक्ष्यांचे फोटो काढणारा. ग्रुपचा नियम एकच. दर रविवारी प्रत्येकानं आपला एक छंद आणि एक सेवा फोटोसह टाकायची. नुसतं 'सुप्रभात' टाकणाऱ्याला सर एकदा समज देतात आणि दुसऱ्यांदा काढून टाकतात. (मला चार वेळा समज मिळालेली आहे. सर मुळात दयाळू आहेत.)

मी एका कॉलेजात क्लार्क आहे, जावक विभागात. बाहेर जाणाऱ्या कागदावर क्रमांक टाकायचा, शिक्का मारायचा आणि कागद बाहेर घालवायचा. आत काय आलं ते बघायला आवक विभाग आहे, तिथं शिवकुमार असतो. तीस वर्षांत मी एकही कागद वाचलेला नाही आणि एकही कागद हरवलेला नाही. दोन्हींचा मला सारखाच अभिमान आहे.

तर असा हा शिवकुमार बासरी वाजवतो. ते एक वेळ मी सोडून दिलं असतं. पण एका रविवारी त्यानं 'छंद : बासरी. सेवा : जुन्या कपड्यांचं वाटप' असं टाकलं आणि सोबत घड्या घातलेल्या कपड्यांचा फोटो. ब्याण्णव अंगठे आले. सरांनी खाली लिहिलं, 'याला म्हणतात सभासद.'

मी काय कमी प्रयत्न केले होते? पक्ष्याचा फोटो टाकून झाला होता. तो पारवा निघाला, आणि पारवा चालत नाही असं सरांनी खासगीत कळवलं. भजन म्हणून पाठवलं, तर शिवकुमारनं 'कुणाला बरं नाही का?' असं विचारलं. रक्तदानाला गेलो तर सुई बघूनच माझं बीपी असं काही चढलं की डॉक्टरांनी मलाच झोपवून ठेवलं. त्या दिवशी सरांनी ग्रुपवर टाकलं, 'सिद्धेश्वररावांनी आज रक्तदानाचा विचार केला.' एकवीस अंगठे. ते कशाचे होते, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.

शिवकुमारच्या कपड्यांनंतरच्या रविवारी मात्र मी ठरवलं. मंजुश्री घरी नव्हती. (माझे सगळे मोठे निर्णय ती घरी नसतानाच झालेले आहेत.) गल्लीतल्या बायकांबरोबर ती शनिवारीच एसटीनं माहूरला देवीला गेली होती, सोमवारी येणार होती. आणि आमच्या पलंगाखाली एक पत्र्याची पेटी होती, जिच्यात साड्याच साड्या होत्या. कोऱ्या. मंजुश्रीनं त्यांतली एकही कधी नेसलेली मी पाहिली नव्हती.

आता इथं आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. लग्न असो, बारसं असो, वास्तू असो, बाईला साडी आणि पुरुषाला टोपी-टॉवेल दिल्याबिगर कुणी कुणाला पाटावरून उठू देत नाही. आलेलं सगळं वापरायचं म्हटलं तर माणसाला चार जन्म पुरायचे नाहीत. म्हणून घरोघरच्या बायका तो आहेर पेटीत ठेवतात आणि पुढच्या कार्यात दुसऱ्याच्या घरी देतात. फक्त ज्याचं त्यालाच परत जाऊ नये, एवढं बघावं लागतं. ही रीत मलाही आता नीट माहीत आहे. त्या रविवारी सकाळी माहीत नव्हती. मला वाटलं, साड्या तिच्या आहेत आणि तिला आवडलेल्या नाहीत.

मी पेटी ओढली. अठरा साड्या, सात टॉवेल, पाच टोप्या. प्रत्येक नगाला सेफ्टी पिननं एक चिठ्ठी लावलेली, मंजुश्रीच्या बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेली. काय लिहिलंय ते मी वाचलं नाही. वाचणं माझ्या कामात येत नाही. पण चिठ्ठ्या काढल्याही नाहीत. मूळ कागदाला जोडलेलं जोडपत्र कधीही वेगळं करायचं नाही, हे माझ्या हाडात मुरलेलं आहे. उलट घडीत दबलेल्या चिठ्ठ्या मी बाहेर काढल्या, सरळ केल्या, आणि लाल पेनानं प्रत्येकीवर क्रमांक टाकला. एक ते तीस. मग सगळा माल दिवाणावर मांडला, चिठ्ठ्या पुढं, आणि फोटो काढला. मोबाइल आमच्या दामिनीनं, म्हणजे मुलीनं, पहिल्या पगारातून घेऊन दिलेला. कॅमेरा इतका चांगला आहे की मला स्वतःचा फोटो बघवत नाही.

'छंद : देणे. सेवा : देणे.' असं लिहून मी फोटो ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत सर स्कूटरवर दारात हजर.

"सिद्धेश्वरराव, मी तुम्हाला ओळखलंच नव्हतं," सर म्हणाले. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. मी त्यांचे धरले.

आम्ही दोघांनी तो माल मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, नेला. तिथं धान्य चाळणाऱ्या, पोती शिवणाऱ्या बायका असतात. सरांचा आणखी एक नियम आहे, घेणाऱ्याचा फोटो काढायचा नाही आणि नाव लिहायचं नाही. देणं म्हणजे देणं. पाऊण तासात सगळं वाटून झालं. घरी येऊन मी अंघोळ केली आणि अंगठे मोजायला बसलो.

एकतीस झाले होते. बत्तिसावा आला नाही. त्याऐवजी कुणीतरी लिहिलं, 'झूम करा.'

मग बराच वेळ कुणीच काही लिहीना. एकशे चाळीस माणसं एकाच वेळी गप्प बसल्याचं मोबाइलवर कळतं, हे मला त्या दिवशी समजलं. मीही चष्मा लावून झूम केलं.

क्रमांक चार : 'शिवकुमार भाऊजी, वास्तुशांती. आपणच त्यांना दिलेली परत आली.'

क्रमांक सात : 'चुलत सासूबाई. मधोमध डाग. डाग आत घालून घडी करणे.'

क्रमांक अकरा : 'आनंदराज सर, दामिनीच्या निकालाची. चांगली आहे. कुणालाही देऊ नये.'

क्रमांक सव्वीस : 'टोपी लहान. डोकं लहान असेल त्याला.'

आणि सगळ्यांत पुढं, मधोमध, डाळिंबी रंग उठून दिसतो म्हणून मी स्वतः ठेवलेली, क्रमांक एक : 'तारामतीअक्का, दिवाळी. रंग जातो. आपल्या माणसाला देऊ नये.'

तारामतीअक्का म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. ती शिरूर अनंतपाळला असते, पण ग्रुपमध्ये आहे. तिला मीच घातलं होतं. (तिचा छंद : शेवया. सेवा : शेवया.)

मी फोटो काढून टाकला. म्हणजे मी तसं समजलो. प्रत्यक्षात मी तो फक्त माझ्यापुरता काढला होता. बाकी एकशे एकोणचाळीस जण तो संध्याकाळपर्यंत बघत होते.

सरांनी फक्त 'धन्यवाद' एवढंच लिहिलं. शिवकुमारनं बासरीचं चित्र टाकलं. ते का टाकलं हे मला आजही कळलेलं नाही, पण लागलं.

सोमवारी दुपारी मंजुश्री आली. तीही ग्रुपमध्ये आहे. माहूरच्या गडावर रेंज नव्हती, पण परतीच्या एसटीत आली असणार. कारण तिनं पिशवी ठेवली, प्रसाद दिला, पलंगाखाली वाकून बघितलं आणि खुर्चीत बसली.

"चिठ्ठ्या दिसल्या न्हाईत का तुम्हाला?" ती म्हणाली.

"दिसल्या ना. क्रमांक टाकलेत मी."

"हाव का," मंजुश्री म्हणाली. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण तिचं 'हाव का' ऐकलं की मी अजून आधी चपला कुठं आहेत ते बघतो.

"बाराव्या दिवशी रविकिरणचं लगीन हाय," ती म्हणाली. "त्यासाठी जमवलं होतं मी सगळं. आता लग्नाला काय नेणार, लाल पेन?"

रविकिरण म्हणजे अक्काचा मुलगा. माझा एकुलता एक भाचा. आणि भाच्याच्या लग्नात मामाचा मान काय असतो, हे मी वेगळं सांगायला नको. नवरदेवाच्या मागं मामा उभा राहतो. मला आयुष्यात कुणी कधी स्टेजवर बोलावलेलं नाही. कॉलेजच्या गॅदरिंगला मी तीस वर्षं खुर्च्या मोजतोय. एकदाच, एकाच कार्यात, माझं नाव माइकवर पुकारलं जाणार होतं, आणि त्यासाठी मी कुर्ताही शिवून ठेवला होता. ते एक असो. पण आई गेली तेव्हा मी नववीत होतो आणि मला ताटात वाढून दिलं ते अक्कानं. स्वतःच्या लग्नात ती रडली ती 'सिद्धूला कोण बघंल' म्हणून. तिचा पोरगा नवरदेव होणार आणि मी तिथं नसणार, हा विचारच मला सोसेना. रडू यायचं तेवढं राहिलं होतं, तेवढ्यात फोन वाजला. अक्काच होती.

"सिद्धू, तुझी बायको म्हणती माझ्या साडीचा रंग जातो?"

"अक्का, तसं नाही..."

"एकशे चाळीस लोकांत म्हणती? सरांसमोर?"

"अक्का, फोटो मी टाकला. तिची काही..."

"तू गप. तुला काय कळतंय? मी सांगते ते ऐक. साडी आण. माझ्यासमोर धू. रंग गेला तर मी मानते, माझी चूक. न्हाई गेला तर मंजूनं ग्रुपवर लिहायचं, अक्काची साडी पक्की हाय. आन् तोवर लग्नाला दुसरा मामा बघते मी. चुलत का असंना, हाय की."

"अक्का, साडी तर मी वाटली."

"मग शोध," अक्का म्हणाली आणि फोन ठेवला.

मंजुश्रीनं सगळं ऐकलं होतं. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "रंग जातोच हो. पदराचं टोक भिजवून बघितलं होतं मी. अक्कांना दुखवायला थोडीच लिहिलं? चुकून त्यांच्याच जावेला जाऊ नये म्हणून लिहिलं." मग डोळे पुसून म्हणाली, "तुम्ही आधी ती साडी हुडका. त्याबिगर आंघोळबी करू नका."

मंगळवारी अर्धी रजा टाकून मी मोंढ्यात गेलो. आता बघा, सरांच्या नियमानं ना नाव, ना फोटो. पन्नाशीचा माणूस मोंढ्यात फिरून बायकांना विचारतोय, 'तुमच्याकडं डाळिंबी साडी आहे का?' पहिल्या दोघींनी पदर सावरून पाठ फिरवली. तिसरीनं मुकादमाला हाक मारली. मुकादमाला मी सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं. ते ऐकून तो म्हणाला, "दिलेलं परत मागायला आलाव? आमच्याकडं कुत्रंबी तसं करत न्हाई." आणि मला फाटकापर्यंत सोडायला आला.

बुधवारी मी सरांना घेऊन गेलो. सरांना सगळे ओळखतात. सर आठवून म्हणाले, "डाळिंबी साडी नागुबाईंना गेली वाटतं. पोती शिवतात त्या." नागुबाई त्या दिवशी कामावर नव्हत्या. म्हणून आम्ही त्यांच्या वस्तीवर गेलो. घर विचारावं लागलं नाही. एका दारासमोर दोरी बांधली होती आणि तिच्यावरचा प्रत्येक कपडा गुलाबी होता. चादर गुलाबी, उशीचा अभ्रा गुलाबी, दोन बनियन गुलाबी. असा निखळ गुलाबी रंग मी आयुष्यात बघितलेला नाही.

मला इतका आनंद झाला की मी दोरीपुढं हात जोडले.

"तुम्हीच का ते साडी देणारे?" आतून एक बाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्याच नागुबाई.

"मीच!" मी अभिमानानं म्हणालो.

"मग या. त्या दिवशी गर्दीत नीट बघितलं न्हाई. तुमच्यासारख्या माणसाला बघायचं होतं मला." त्यांनी आत हाक मारली. "अहो, या भायेर. दाखवा यांना."

बाहेर त्यांचे मालक आले. मोंढ्यात हमाली करणारे, भरघोस पांढऱ्या मिशांचे, सहा फुटी गृहस्थ. धोतर गुलाबी. डोक्याचा फेटाही गुलाबी. नुसते उभे राहिले.

"तीन रोज झाले, मोंढ्यात यांना समदे नवरदेव म्हणून राहिले," नागुबाई म्हणाल्या. "एकबी पोतं उचलू देईनात. म्हणत्यात, हळद लागलीय, जड उचलू नका."

"नागुबाई, तुमचे उपकार मी जन्मात विसरणार नाही," मी म्हणालो.

नागुबाईंनी सरांकडं बघितलं. सरांनी मान खाली घातली होती.

मी लगेच अक्काला व्हिडिओ कॉल लावला. आधी दोरी दाखवली, मग अभ्रा. अक्का म्हणाली, "ह्यो दुसऱ्या कशाचा रंग असंल." तेव्हा नागुबाईंनी माझ्या हातातून मोबाइल काढून घेतला.

"ताई, साडी तुमची का?"

"माझी म्हणजे... हाव."

"मग ह्ये बघा," असं म्हणून त्यांनी मालकांना वरपासून खालपर्यंत दाखवलं.

अक्कानं मोबाइल इतका जवळ घेतला की पडद्यावर नुसता तिचा डोळा दिसत होता. मग अक्का हसायला लागली. माझी अक्का हसते तेव्हा तिला ठसका लागतो, आणि तो लागला. ते ऐकून नागुबाईही हसायला लागल्या. मालकांच्या मिशाही जराशा हलल्या. मी एकटाच तिथं रडत होतो. सरांनी मला रुमाल दिला.

"काय सांगू बाई," अक्का म्हणाली, "मी तरी कुठं इकत घेतली? मला ती नागम्मा मावशीनं दिलती. मी तर घडीबी मोडली न्हाई. मला वाटलं, मावशी एवढी मोठी माणूस, रंगाची देईल का?"

पुढं पंधरा मिनिटं दोघी बोलत होत्या. कोणत्या दुकानाची साडी टिकते, हळदीला काय करावं, गुडघ्याला कोणतं तेल लावावं. अक्कानं नागुबाईंना मालकांसकट लग्नाचं आवतन दिलं. मग म्हणाली, "सिद्धूला द्या."

"बोल अक्का."

"मंजूला दे फोन."

"मंजू घरी आहे."

"मग तू काय करून राहिलास तिथं? घरी जा की."

मी आधी धोतराच्या दुकानात गेलो, मालकांसाठी पांढरं धोतर आणि फेटा घेऊन वस्तीवर देऊन आलो आणि मग घरी गेलो. तोवर अक्काचा आणि मंजुश्रीचा फोन सुरू झालेला होता. मला एकच बाजू ऐकू येत होती. "न्हाई हो अक्का, माझंच चुकलं... न्हाई, न्हाई, तुमचं कसं?... अहो, मावशींना आता कोण काय म्हणणार, नव्वदीच्या हायेत त्या... हाव, यांनीच केलं सगळं... हाव ना, तेच म्हणते मी..." मग आवाज खाली आला. "टाचणी न्हाई हो, सेफ्टी पिन. टाचणीला गंज लागतो."

त्या रात्री दोघींनी मिळून ठरवलं की चूक नागम्मा मावशीची नाही, अक्काची नाही, मंजुश्रीची तर नाहीच. असं सगळ्यांना वगळत वगळत ती चूक माझ्यापाशी येऊन थांबली. मला चाललं. मामाचा मान मला परत मिळाला होता.

शिरूर अनंतपाळला लग्न झोकात झालं. नागुबाई आल्या, मालक पांढऱ्या धोतरात आले. ग्रुपमधले पंचवीस-तीस जण आले. शिवकुमारनं स्टेजजवळ बासरी वाजवली, तीही मी ऐकून घेतली. माइकवर 'नवरदेवाचे मामा श्री. सिद्धेश्वरअप्पा' असं पुकारलं तेव्हा मी कुर्ता दोनदा सारखा केला आणि गेलो. रविकिरणच्या मागं ताठ उभा राहिलो. अक्षता पडल्या. मग अक्कानं मला पाटावर बसवलं, कपाळाला विभूती लावली, डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि हातात कोऱ्या सफारीचं कापड दिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी ते कापड छातीशी धरलं आणि सरांनी फोटो काढला.

फोटो सरांनी पक्ष्यांच्या कॅमेऱ्यानं काढला. त्या कॅमेऱ्यात तळ्याच्या पलीकडच्या काठावरच्या बगळ्याच्या चोचीतली मासोळी दिसते. मंडपातूनच सरांनी तो ग्रुपवर टाकला. 'छंद : नाती. सेवा : नाती. आमचे सिद्धेश्वरराव.' पंगतीत बसल्या बसल्या माझ्या खिशात मोबाइल थरथरत होता. अंगठ्यांवर अंगठे. बुंदीचा घास तोंडात तसाच ठेवून मी बघत होतो. बावन्न झाले. साठ झाले. शिवकुमारला मागं टाकून ब्याण्णवाच्या पुढं गेले.

म्हटलं, आपण एकदा तरी आपला फोटो नीट बघावा. चष्मा लावला, झूम केलं.

सफारीच्या कापडाला कोपऱ्यात एक सेफ्टी पिन होती. पिनेला चिठ्ठी होती. अक्षर अक्काचं, मोठं आणि ठसठशीत, चष्म्याशिवायही वाचता येईल असं :

'सिद्धूला. कापड बरं न्हाई. पण त्याला काय कळतंय. चालतंय.'

त्या फोटोला आतापर्यंत एकशे अठ्ठावीस अंगठे आलेले आहेत. पहिला मंजुश्रीचा आहे.